‘बस की मर्दा!’ : कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघताना आपल्याच माणसांना कसं आवरावं

दगड मारणाऱ्याला पोलीस बघतात. त्याच्याबद्दल शेवटी थोडं सांगणार आहेच, पण लिहायला बसलोय ते दुसऱ्या मंडळींसाठी. ऐन कॉर्नरला समोर उभा राहणारा, तंबाखूचा मावा खाऊन तुमच्या चपलेशेजारी पिंक टाकणारा, आपल्याच गोलकीपरची आई-बहीण काढणारा, दोन तास कानाशी पुंगी वाजवणारा. ह्यांचं पोलीस काही करत नाहीत आणि त्यांनी करावं असंही मला वाटत नाही. हे आपल्याच तालमीचे, आपल्याच गॅलरीतले, निम्मे तर आपल्याच गल्लीतले. त्यांना आपणच बघायचं.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. गारगोटी, राधानगरी, गगनबावडा. बसायच्या जागा ४४ आणि आत माणसं ८०, त्यात दोन कोंबड्या, एक नवरदेव आणि मागच्या बाकावर एक पिऊन आलेला, अशी गाडी रोज संध्याकाळी न भांडता घाट चढवून न्यायची म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्याला गॅलरी अवघड नाही. माझ्या सगळ्या युक्त्या तिकडूनच आलेल्या आहेत.

माझी तालीम कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथंच उठून जातील.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात. आमच्याकडं फुटबॉल क्लबांचा नाही, तालमींचा आणि मंडळांचा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ह्या तालमी. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही त्यांच्याच बरोबरीची नावं. दिवाळी झाली की केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू होते, १६ संघांची. मग एकामागून एक चषक, पार पाऊस येईपर्यंत. सामने शाहू स्टेडियमवर, मंगळवार पेठेला लागून, साठमारीजवळ. कुस्तीचं खासबाग मैदान तिथून हाकेच्या अंतरावर. टीव्हीवर इंग्लंडचा सामना बघताना शेजारी बसलेले दोघं एकमेकाला ओळखतही नसतील असं वाटतं. आमच्याकडं शेजारचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत पुढं उभा असतो. त्याच्या आत्याची जाऊ तुमच्या बायकोची मैत्रीण निघते. म्हणून त्याच्याशी भांडण परवडत नाही, आणि म्हणूनच तो आवरतोसुद्धा. पुढं जे काही सांगतोय ते सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी जागा

निम्मी भांडणं चुकीच्या जागी बसल्यानं होतात. हलगी, घुमकं, कैताळ जिथं बसतं तो गॅलरीचा गाभारा. तिथं बसून ‘आवाज कमी करा’ म्हणणं म्हणजे देवळात जाऊन घंटा वाजवू नका म्हणणं. तुम्हाला खेळ बघायचा असेल तर तिथून वीस-पंचवीस पावलं आडवं सरका आणि जरा वरच्या पायऱ्या धरा. खालच्या पायऱ्यांवर पोरं जाळीला तोंड लावून उभीच असतात, त्यांना बसवायच्या नादाला लागू नका. गोलमागचा कोपराही नको. गोल झाला की सुतळी बॉम्ब आणि रंगीत धूर तिथंच निघतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मोठ्या दिवशी एकापाठोपाठ दोन सामने असतात. पहिल्या सामन्याला दुपारी आलेला माणूस दुसरा सुरू होईपर्यंत चांगला भाजून निघालेला असतो. त्याच्या पोटात चिरमुरे आणि पाण्याची पाकिटं, डोक्यात ऊन. तुम्ही चार वाजता आंघोळ करून, पावडर लावून येता आणि त्याला म्हणता ‘जरा सरका’. इथं भांडण ठरलेलं आहे. त्याला म्हणायचं, ‘लई वेळ झाला वाटतं मामा बसून? कुणाचा झाला पहिला सामना?’ तो दोन मिनिटं पहिल्या सामन्याचं सांगेल, सांगता सांगता स्वतःच सरकेल. कंडक्टरकीतही हेच. सीटवरच्याला ‘सरका’ म्हटलं की तो आखडतो, आणि ‘कुठं उतरायचं पाव्हणं?’ म्हटलं की पाय आपोआप आत घेतो.

जागा मिळाली की लगेच मोबाईल काढू नका. मागं, पुढं, दोन्ही बाजूला बघा. ओळखीचा असेल त्याला हाक, नसेल त्याला मान. ज्याच्याशी एकदा बोलणं झालंय तो तुमच्या पायाशी थुंकत नाही, निदान थुंकायच्या आधी बघतो. आणि ह्याच वेळात एक माणूस हेरून ठेवायचा. प्रत्येक गॅलरीत तो असतोच. जुना खेळाडू, गुडघे गेलेला, कधी बोलत नाही, पण तो उभा राहिला की चार जण बसतात. त्याला नमस्कार घालून ठेवा. पुढं लागला तर उपयोगी पडतो.

उभा राहणारा

ह्यात मी एकदा सपाटून मार खाल्लाय, म्हणजे तोंडचा. नवीनच रिटायर झालो होतो, अंगातला कंडक्टर अजून गेला नव्हता. समोर तीन पायऱ्या सोडून एक पोरगं उभं. मी वरून, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असा आवाज दिला, ‘एऽ लाल टोपी! बस खाली!’ त्यानं मागं वळून बघितलं. त्याच्या शेजारच्या दोघांनी बघितलं. मग ते दोघंही उभे राहिले. मग त्यांच्या ओळखीचे अजून पाच. एक बसवायला गेलो आणि आठ उभे केले. उरलेला हाफ मी आठ पाठी बघितल्या.

चूक कुठं झाली? चारचौघांत बोललो. पोरगं वीस वर्षांचं, दोस्त बरोबर, पेठेची इज्जत डोक्यावर. त्या वयात माणूस सगळ्यांसमोर बसत नाही, जीव गेला तरी बसत नाही. त्याला बसायचं असतं पण बसता येत नाही, अशी त्याची अडचण होते. ती अडचण तुम्ही केलेली असते.

आता काय करतो ते सांगतो. बॉल बाहेर जायची वाट बघायची. थ्रो-इन, कुणी पडलेला असेल तर फार उत्तम. बॉल आत असताना कुणाला काही सांगू नका, देवाचंही ऐकत नाहीत. बॉल बाहेर गेला की उठून त्याच्यापर्यंत जायचं, खांद्यावर हात, तोंड कानाशी. मागच्या सीझनला असाच एक उभा होता, सहा फूट, खांदे असे की अर्धं मैदान त्याच्यामागं. मी जाऊन म्हटलं, ‘भावा, मला मोतीबिंदू हाय. लांबचं दिसंना झालंय. तू माझ्याशेजारी बस आणि बॉल कुणाकडं गेला एवढं फक्त सांगत जा.’

बसला की तो! नुसता बसला नाही, सगळा हाफ त्यानं मला धावतं वर्णन ऐकवलं. ‘आता राइटनं आलाय मामा... कट मारला... आरं दे की, दे की... घालवला मामा, घालवला.’ पाचव्या मिनिटाला पुढचे दोघं उभे राहिले तर हाच ओरडला, ‘बस की मर्दा! मामाला दिसंना हिकडं!’ माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालंय, मला पलीकडच्या गॅलरीतल्या माणसाच्या मिशा दिसतात. पण ते त्याला कशाला सांगू? पोरानं वर्णन मात्र झकास केलं.

एसटीत हाच धंदा. दारात लटकणाऱ्याला ‘आत ये’ म्हणून कधीच येत नाही. त्याला म्हणायचं, ‘जरा हे म्हातारीचं गठुळं धर रं.’ हातात काम आलं की माणूस आत येतो.

मावा

लवकर सांगून संपवतो, विषय घाण आहे. स्टेडियम ही सार्वजनिक जागा आहे, तिथं सिगरेट ओढली तर कायद्यानं २०० रुपयांपर्यंत दंड आहे. उघड्यावर आहे म्हणून सुटका नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. हे सगळं मावा तोंडात असलेल्या माणसाला सांगून बघा. तो मान वर करून, ओठ आवळून, ‘उं’ म्हणतो आणि तुमच्याच बाजूला थुंकतो, कारण बोलायचं तर तोंड रिकामं करावं लागतं.

मी घरून एक रिकामी बाटली नेतो, मान कापलेली. त्याला देतो. ‘ह्यात टाक, म्हागच्या पायरीवर पोरं बसल्यात.’ दहातले सात घेतात. दोघं तिघं लाजून उठून जातात. एखादा घेतही नाही आणि जातही नाही; त्याच्यापासून आपण उठायचं. पांढरी पँट घालून स्टेडियमवर येऊ नये, हेही सांगून ठेवतो.

शिट्टी, म्हणजे मीच

दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय तर माझं एक ऐका. एसटीच्या कंडक्टरकडं शिट्टी असते, गाडी मागं घ्यायला. नोकरीत असताना एकदा ड्यूटीवरून थेट सामन्याला आलो, शिट्टी खिशात. आमचा फॉरवर्ड दोन बॅक मागं टाकून एकटा सुटला. माझ्या अंगात आलं, हात खिशात गेला आणि मी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

फॉरवर्ड थांबला. त्याला वाटलं ऑफसाइड. गोलकीपरही थांबला. रेफरी गॅलरीकडं बघायला लागला. नियम असा आहे की प्रेक्षकातून शिट्टी वाजली आणि तिनं खेळात अडथळा आला असं रेफरीला वाटलं, तर तो खेळ थांबवून ड्रॉप बॉलनं पुन्हा सुरू करतो. तसंच केलं त्यानं. चान्स गेला. सामना आम्ही एका गोलनं हरलो. सगळी गॅलरी ‘कोण रं त्यो, कोण रं त्यो’ करून शोधत होती आणि मीही शोधत होतो, सगळ्यात जोरात. शिट्टी मोज्यात होती.

तेव्हा शिट्टीवाला दिसला की मी त्याला ही गोष्ट सांगतो, फक्त ‘एक जण होता’ म्हणून सांगतो. लगेच खिशात जाते. पुंगीवाल्याला मात्र गोष्ट चालत नाही. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपपासून ती लांब भोंग्यासारखी पुंगी सगळीकडं आली, आपल्याकडंही आली, गेलीच नाही. पुंगीवाला बहुधा लहान असतो आणि त्याचा बाप शेजारी असतो. बापाला काही बोलू नका. पोराला म्हणा, ‘गोल झाला की वाजव. त्याच्याआधी वाजवली तर गोल होत नाही.’ फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, ही त्या खेळाची मोठी सोय आहे.

शिव्या

आता अवघड भाग. कोल्हापुरात शिवी ही विरामचिन्हासारखी येते, तिला मी हरकत घेत नाही. घेतली तर मलाच तोंड उघडता यायचं नाही. पण एक शिवी हवेत जाते आणि एक माणसाला लागते. दुसरीचं सांगतोय.

आमचा गोलकीपर होता एकोणीस वर्षांचा. पहिलाच सीझन. दुसऱ्या हाफमध्ये साधा, जमिनीवरून आलेला बॉल त्याच्या पायातून गेला. कुणाचाही जातो. माझ्या मागच्या पायरीवर एक जण होता, चाळिशीचा, चांगल्या घरचा, इस्त्रीचा शर्ट. त्यानं सुरू केलं. आधी पोराला, मग पोराच्या आईला, मग तिच्या सात पिढ्यांना. हशा पिकायला लागला तसा त्याला जोर चढला.

माझ्या खाली दोन पायऱ्या सोडून त्या पोराचा बाप बसला होता. रिक्षा चालवतो. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात पोराचा डबा आणि कोरडे मोजे. तो मागं वळला नाही. मैदानाकडंच बघत होता. फक्त पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. गुंडाळत होता आणि सोडत होता.

थ्रो-इन झाला तसा मी वळलो. शिव्यांचा विषयच काढला नाही. शेंगदाण्याची पुडी पुढं केली, त्यानं मूठ भरून घेतली, घेताना तो खाली वाकला तेव्हा कानात म्हटलं, ‘खाली दोन पायऱ्या. निळा शर्ट. पोराचा बाप हाय.’

एवढंच. त्यानं निळ्या शर्टाकडं बघितलं. शेंगदाणे हातातच राहिले. मग उठून चहाला गेला, दहा मिनिटांनी आला आणि दुसऱ्या जागी बसला. सामना संपायला आला असताना त्याच पोरानं एक बॉल उजवीकडं झेप घेऊन बाहेर काढला, तेव्हा सगळ्यात मोठा ‘शाब्बास रं वाघा’ ह्याचाच होता. बाप तेव्हाही मागं वळला नाही. मला वाटतं त्याला दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत हे कळलं होतं.

म्हणून म्हणतो, येतानाच बघून ठेवा की कुणाचं कोण बसलंय. ‘शिव्या देऊ नको’ ह्याचा उपयोग शून्य. ‘त्याचा बाप इथं बसलाय’ ह्याचा उपयोग होतो, कारण मैदानावरचा पोरगा मग जर्सीचा नंबर राहत नाही, कुणाचातरी होतो. आणि शिवी देणारा अनोळखी असेल तर आमच्याकडं दोन प्रश्न पुरतात. ‘कुठल्या गल्लीतला रं तू?’ आणि ‘कुणाचा?’ दुसऱ्याचं उत्तर द्यायची वेळ आली की आवाज आपोआप खाली येतो.

एकटा माणूस असा आवरतो, पण दोनशे जण एकदम घाण घोषणा द्यायला लागले तर? त्यांच्या कानाशी जाता येत नाही. तेव्हा हलगीवाल्याकडं जायचं. घोषणा ठेक्यावर जगते. सावकाश ठेका असला की मधल्या जागेत शब्द बसतात. ठेका चढा केला की पोरं नाचायला लागतात आणि नाचणाऱ्याला शब्द सुचत नाहीत. ‘मामा, जरा उडता वाजवा की,’ एवढं म्हणायचं. हलगीवालाही कंटाळलेलाच असतो. मिनिटभरात घोषणा मरते आणि ती कुणी मारली हे कुणाला कळत नाही.

माझी नात अकरा वर्षांची आहे, कधीमधी बरोबर येते. आमच्याकडच्या पोरी ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तशीच ही. एकदा शेजारच्यानं रेफरीला एक जुनी, गावाकडची, मलाही निम्मीच कळणारी शिवी घातली. ही त्याच्याकडं वळून शांतपणे म्हणाली, ‘काका, म्हणजे काय ओ? मी कधी ऐकलो नाही.’ तो माणूस कानापर्यंत लाल झाला. हा उपाय मात्र ठरवून करता येत नाही.

एका ठिकाणी शेंगदाणे आणि विनोद दोन्ही बंद. आपल्याकडच्या संघांतून आफ्रिकेतले खेळाडू खेळून गेलेत, खेळतात. आपल्या संघात असला की तो ‘आपला भाऊ’, समोरच्यात असला की गॅलरीतून माकडाचे आवाज. हे झालं की मी बॉल बाहेर जायची वाट बघत नाही आणि कानातही बोलत नाही. उभा राहतो आणि सरळ म्हणतो, ‘हे चालायचं नाही.’ फिफाच्या नियमात ह्याला तीन पायऱ्या आहेत: आधी सामना थांबवून सूचना, मग खेळाडू काही वेळ मैदानाबाहेर, आणि तरीही चाललं तर सामनाच रद्द. हे मोठ्यानं सांगायचं. एकट्यानं सांगायला भीती वाटते, म्हणून तो सुरुवातीला हेरून ठेवलेला जुना खेळाडू. त्याच्याकडं नुसतं बघायचं. तो उठतो.

मोबाईलचं दोन ओळींत. सामन्याच्या आदल्या रात्री समोरच्या पेठेला डिवचणारे स्टेटस आणि रील पोरं टाकतात, आणि भांडण मैदानावर यायच्या आधी मोबाईलवर जुळलेलं असतं. ग्रुपवर ‘काढ ते’ असं सगळ्यांसमोर लिहू नका. लाल टोपीचं आठवा. फोन करा.

प्यालेला आणि फेकणारा

प्यालेल्याशी वाद घालायचा नाही, त्याला उतरायचं कुठं ते विचारायचं, हा एसटीचा नियम. इथं विचारायचं, ‘कुणाबरोबर आलाईस?’ त्याचा दोस्त शोधा आणि तो माणूस दोस्ताच्या ताब्यात द्या. ‘पायऱ्यांवरनं पडंल बघ, तू धर त्याला.’ दोस्त नसेल तर तुम्ही जागा बदला. त्यात कमीपणा नाही. दोन तासांसाठी आलोय, सीट नावावर करून घ्यायला नाही.

फेकणारा मात्र वेगळा. पहिली बाटली जाते तेव्हाच त्याला गाठायचं, कारण दुसरी दुसऱ्याच्या हातून जाते आणि मग कुणीच कुणाचं राहत नाही. पोरगं ओळखीचं असेल तर माझ्याकडं एकच वाक्य आहे आणि ते अजून वाया गेलेलं नाही. ‘भरतीचा फॉर्म भरलाईस नव्हं?’ कोल्हापूर जिल्ह्यात दर दुसरं पोरगं पोलीस नाहीतर मिलिटरी भरतीच्या मागं आहे. पहाटे पळायला जातं. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत तो दिसतो, हे त्याला माहीत असतं, फक्त त्या मिनिटाला आठवत नसतं. आठवण द्यायची. तालमीला दंड होईल, सामना बंद पडेल, ह्या धमक्यांनी वीस वर्षांचं पोरगं हलत नाही. भरतीत पळायचे १६०० मीटर आठवले की हात खाली येतो.

ऐकलं नाही आणि दोन्हीकडून सुरू झालं, तर तुमची युक्ती संपली असं समजा. तिथं शूरपणा नको. जाळीकडं जाऊ नका, गेटकडंही पळू नका. सगळे गेटकडंच पळतात. वर आणि आडवं सरका. लहान पोर असेल तर भिंतीकडून त्याला, बाहेरच्या बाजूनं तुम्ही. चपलेचा पट्टा आवळा. फेकणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून शूटिंग करू नका, पुढची बाटली तुम्हालाच. शर्टाचा रंग लक्षात ठेवा आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला किंवा संयोजकांच्या माणसाला सांगा, कुणी जवळ नसेल तर ११२ लावा. १९८० साली १६ ऑगस्टला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात गॅलरीत मारामारी झाली आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. बंगालमध्ये त्या दिवशी अजून त्यांची आठवण काढतात. सकाळी घरातून निघताना त्यांनीही जर्सीच घातली असणार.

सुटल्यावर

शेवटची शिट्टी झाली की दहा मिनिटं बसून राहा. पुंगळ्या (सायलेन्सर) काढलेल्या गाड्या, हॉर्न, झेंडे, सगळं आधी जाऊ द्या. हरलो असलो तर पंधरा मिनिटं. ह्या वेळात त्या दिवशी ज्याला ज्याला काही बोललो असेन, त्याला शोधून मी जाताना एक हाक घालतो. खेळाबद्दल काहीतरी बोलायचं, झालेल्या गोष्टीबद्दल नाही. ‘राइट बॅक बदलायला पाहिजे राव.’ तो म्हणतो, ‘कधीचं म्हणतोय मी.’ झालं.

मोतीबिंदूवाल्या पोराचं राहिलंच. तो पुढच्या सामन्याला माझ्याआधी येऊन जागा धरून बसला होता, पायरीवर रुमाल टाकून. माझी आता पंचाईत झालीय. सगळा सीझन डोळे असून धावतं वर्णन ऐकतोय, आणि परवा त्यानं विचारलं, ‘मामा, ऑपरेशन कधी करून घेणार? मी येतो की बरोबर दवाखान्यात.’ म्हटलं, पाऊस पडू दे, सीझन संपू दे.